पद रिक्त, शाल मंजूर

शाल, नारळ, गुलाबाचं एक फूल आणि काचेचं सन्मानचिन्ह हे सगळं मिळून हजार रुपयांच्या आत भागतं. घाऊक घेतलं तर आणखी स्वस्त. उलट एक सफाई कामगार कायम केला, तर पगार, महागाई भत्ता, रजा, निवृत्तिवेतन आणि पुढे वारसाहक्काच्या नोकरीसाठी लाड-पागे समितीचं नाव घेत दारात उभा राहणारा त्याचा वारस, असा दोन पिढ्यांचा संसार पालिकेच्या गळ्यात पडतो. हा हिशेब ज्याला पहिल्यांदा सुचला, त्याला अर्थशास्त्राचं नोबेल द्यायला हवं होतं. तसं काही झालेलं ऐकिवात नाही. बहुधा त्याचाही नुसता सत्कारच झाला असावा.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हे शास्त्र चांगलं रुजलं आहे. जिथे माणूस नेमायचा, तिथे संस्था शोधावी. संस्थेने काम केलं की मंडप घालावा. पद रिक्तच राहतं, पण टाळ्या भरपूर पडतात.

स्वच्छतेचं घ्या. १ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी दहा वाजता देशभर ‘एक तारीख, एक तास’ श्रमदान झालं. वर्षाचे तास ८,७६०. त्यातला एक मान्यवरांचा, उरलेले ८,७५९ मुकादमाचे. मान्यवरांचा तास फार अवघड असतो. झाडू नवा असतो, त्याची काडी टोचते, आणि कचरा फोटोत दिसेल एवढा पण हाताला लागणार नाही एवढाच असावा लागतो. हे प्रमाण साधण्यासाठी भल्या पहाटे ठेकेदाराची माणसं रस्ता झाडून, वर बेताने पाचोळा पसरून जातात म्हणे. कुठल्या पालिकेत, ते विचारू नका. नाव घेतलं तर बाकीच्या रुसतील.

रायगडात आणखी एक सोय आहे. रेवदंड्याच्या धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्री सदस्य. हे लोक खरंच झाडतात. घरून खराटे-फावडी घेऊन येतात, गटारात उतरतात, ट्रॉल्या भरून देतात आणि फोटोला न थांबता निघून जातात. त्यांच्यावर विनोद करायची आमची छाती नाही. पण ते झाडून गेले की आरोग्य विभागाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते सून माहेरून परतल्यावर सासूच्या चेहऱ्यावर पसरतं तसं असतं.

घंटागाडीवरच्या माणसाची गोष्ट निराळी. तो ठेकेदाराचा, म्हणजे कुणाचाच नाही. कर्जत स्टेशनात पुण्याकडच्या गाड्यांना घाट चढायला मागून बँकर इंजिनं जोडतात. ती ढकलतात, वर पोचली की सुटी होतात, आणि प्रवासी तोवर वडा खाण्यात गर्क असतो. ठेका संपला की कामगारही तसाच सुटा होतो. फरक एवढाच की इंजिनाला पुढच्या गाडीची खात्री असते.

मधली काही वर्षं तक्रार करायला नगरसेवकही नव्हते. मुदत संपली, आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि राज्यभर प्रशासक बसले. बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. मुख्याधिकाऱ्याने प्रस्ताव पाठवायचा, प्रशासकाने त्यावर साधकबाधक विचार करून मंजुरी द्यायची. खुर्ची एक, पेन एक, एकमताचा ठराव. लोकशाहीत एवढा सलोखा पूर्वी कधी दिसला नव्हता. अखेर २ डिसेंबर २०२५ ला कर्जत, खोपोली, माथेरानसह मतदान झालं, आणि मतमोजणी २१ डिसेंबरवर गेली. एकोणीस दिवस मतदान यंत्रातलं आपलं भवितव्य सांभाळायला मात्र चोवीस तास सशस्त्र पहारा होता. बंदोबस्ताला माणसं मिळत नाहीत, असं कोण म्हणतं?

ती पावसाळ्यात मिळत नाहीत, एवढंच. जून उजाडला की आषाणे-कोषाणे, सोलनपाडा, पळसदरी, खोपोलीचा झेनिथ, आडोशी असे सगळे धबधबे वाहू लागतात आणि पाठोपाठ मनाई आदेश वाहू लागतात. पूर्वी असा आदेश कलम १४४ खाली निघे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि तोच आदेश १६३ खाली निघू लागला. आकडा १९ ने वाढला. धबधब्यावरचे पोलीस किती वाढले, ते ज्याने त्याने रविवारी भिवपुरीला उतरून मोजावं. फलकाखाली बाटल्या, चकण्याची पाकिटं आणि फलकाला टेकून सेल्फी. मग कुणीतरी डोहात जातो आणि फोन खणखणतो खोपोलीच्या यशवंती हायकर्स या गिर्यारोहक गटाचा. दोर त्यांचे, गाडीचं पेट्रोल त्यांचं, खर्ची पडलेली नोकरीतली रजाही त्यांचीच. पंचनामा तेवढा सरकारी.

इर्शाळवाडीबद्दल मस्करी करवत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबला. वाडीला रस्ता नव्हता. यंत्र वर चढेना, हेलिकॉप्टर ढगांमुळे उडेना. चिखलातून चालत गेलेल्या माणसांनी फावड्या-घमेल्यांनी उकरलं. त्या चढणीवरच नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराने गेले. सरकारने विधिमंडळात सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. डोंगराने यादी वाचली नव्हती, हा डोंगराचा हलगर्जीपणा. पण त्या रात्री वर धावलेल्या गिर्यारोहकांची नावं तरी कुठल्या आस्थापनेच्या हजेरीपटावर होती?

खाली बोरघाटात पदभरती झालेली आहे, हेही सांगायला हवं. एक्स्प्रेस वेवर २०२४ पासून कॅमेरे लागले. कॅमेरा रजा घेत नाही, जेवायला जात नाही, वेगमर्यादा ओलांडलीत की घरी पोचायच्या आत दंडाचा मेसेज पाठवतो. फक्त गाडी उलटली तर तो खाली उतरून दरवाजा कापू शकत नाही. त्यासाठी पुन्हा खोपोलीचीच पोरं. रात्री दोनला व्हॉट्सॲपवर निरोप पडतो, दुकानदार, रिक्षावाला, क्रेनवाला असे निघतात, आणि सकाळी तेच दुकान उघडतात. २६ जानेवारीला त्यांना शाल मिळते.

या पद्धतीचा मूळपुरुष घाटातच बसलेला आहे. शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना बोरघाटातली वाट दाखवली. काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, देशाला स्वातंत्र्य द्या. तेव्हा त्याला गोळी घातली, अशी दंतकथा आहे. पुढे १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. शिंग्रोबाला देऊळ मिळालं. जुन्या रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले अजूनही चालत्या गाडीतून त्याच्यापुढे नाणं टाकतात आणि घाट सुखरूप उतरू दे म्हणतात.

दोन्ही तालुक्यांच्या सार्वजनिक सुरक्षेत कायम भरलेलं, बदलीची भीती नसलेलं आणि चोवीस तास हजर असलेलं हे एकमेव पद. मानधनही परस्पर जनतेकडून वसूल होतं.