अशोक राहू द्या, तंटे किती?

शांततेतलं मला जरा जास्त कळतं. चुलतभावाशी, म्हणजे दादाशी, मी नऊ वर्षं एक शब्द बोललो नव्हतो. एवढी शांतता आमच्या राजोडी गावात आणखी कुणी पाळली असेल तर दाखवा. तेव्हा आर. आर. आबांच्या तंटामुक्त गाव मोहिमेचा प्रस्ताव लिहायला माझं नाव निघालं, यात नवल काहीच नव्हतं. नाव मीच सुचवलं होतं, ते सोडा.

15 ऑगस्ट 2007 ला मोहीम निघाली. दुसऱ्या वर्षी आम्हाला जाग आली. गुण 200, बक्षीस लोकसंख्येप्रमाणे लाखापासून दहा लाखांपर्यंत. शिवाय मोहिमेवर चांगलं लिहिणाऱ्या पत्रकारांनाही बक्षीस. मी पत्रकार नाही, पण एका स्मरणिकेत माझे दोन लेख आले होते. सत्काराला कुठला सदरा घालायचा, तेवढं ठरायचं होतं.

पहिली अकरा पानं मी नुसत्या शांततेवर लिहिली. शेजारी सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख सापडलेला. म्हणजे शांततेचा पहिला जीआर आमच्याच तालुक्यात निघाला, असा माझा मुद्दा. पोलीस पाटलांनी पानं चाळली आणि म्हणाले, "मास्तर, अशोक राहू द्या. तंटे किती?"

मेख तिथेच होती. गुण तंटे मिटवण्याचे, आणि मिटवायचा तंटा आधी नोंदवहीत हवा. दिवाणी, महसुली, फौजदारी. मग आम्ही दारोदार तंटे मागत फिरलो.

"काका, तुमचं ते बांधाचं?"

"मिटलं की गणपतीत."

"अहो, आम्हाला न विचारता?"

शेवटी पाटील चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्या नारळाची नोंद दिसत नाही."

दादाचा माड माझ्या वाडीत झुकलेला. झावळ पडली की माझी कौलं फुटायची, आणि नारळ पडला तर तो कुणाचा, यावरून बोलणं बंद झालेलं. "तो तंटा नाही, मतभेद आहे," मी म्हणालो.

इथे सुकेळ्यांचं सांगायलाच हवं. आगाशीकडची सुकेळी ज्याने खाल्ली नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही, कीव करतो. राजेळी केळी पुरती पिकू द्यायची, सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. आठवडाभर हेच. आभाळ आलं की घरातल्या बायका पावसाला अशा शिव्या घालतात की नोंदवहीच भरावी. मग केळं आक्रसतं, मधाच्या रंगाचं होतं, बोटांना चिकटतं. दुकानातली चकचकीत पाकिटातली मी सुकेळी धरत नाही. सुकेळी दादाकडची. अबोल्याच्या नऊही वर्षांत त्याची मुलगी पुडकं दारात ठेवून पळायची, आणि आम्ही ते निमूट खायचो. या व्यवहाराला दोनशेत किती गुण, कुठल्या रकान्यात, कोण जाणे.

शेवटी नोंद झाली. सहीला दादा आला. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य बोलला, "पेन चालत नाही तुझं."

मोहिमेचं वर्ष अजून संपायचं होतं. 3 जुलै 2009 ला वसई-विरार महापालिका झाली. चार नगरपरिषदा, त्यांच्यासोबत 53 गावं. बक्षीस गावाला, आणि आम्ही एका रात्रीत शहर. हातभर बांधाचं भांडण मिटवलं म्हणून लाखाचं बक्षीस देणाऱ्या सरकारने एका अधिसूचनेत अख्ख्या पट्ट्याला भांडायला लावलं, याचा राग मला अजून येतो. गावं महापालिकेतून वगळा म्हणत माणसं वाडीतली कामं टाकून मोर्च्याला गेली. 2011 मध्ये 29 गावं वगळायचं ठरलं, त्यात राजोडीही होती. मग ते हायकोर्टात गेलं आणि गाव की शहर हे वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. हा तंटा दिवाणी की महसुली? पाटलांनाही सांगता येईना.

मोर्च्याला मी आणि दादा एकाच टेम्पोतून गेलो. परतताना त्याने विचारलं, "अकरा पानं कसली लिहिली होतीस रे?"

कागद पिशवीत होतेच. मी वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर, ऐन कलिंगाच्या लढाईत, तो घोरायला लागला.