चि. पंटर आणि चि. गेमर यांस

बुऱ्हाणपूर मुक्कामाहून काकाचे दोघांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुम्हा भावांचं भांडण भिंतीपलीकडून ऐकलं. थोरला म्हणाला, हा वाया गेला, रात्रभर बंदुका चालवतो. धाकटा म्हणाला, मी निदान उधारी तरी करत नाही. मग न्याय माझ्यावर सोपवलात. तो असा जाहीर देतो, कारण तुमच्यासारख्या जोड्या आपल्या गावात शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत घरोघर आहेत.

थोरल्या, आधी तुझं कौतुक. तुझा नाद फार सभ्य. दारूला वास येतो, पत्त्यांना अड्डा लागतो. तुला नुसता टीव्ही पुरतो. शेजारी आई बसलेली असते. पोराला क्रिकेटचं केवढं वेड म्हणून ती चहा आणून देते. तू सामना बघतच नसतोस. ज्यावर पैसे लावलेत त्या सहा षटकांच्या सेशनला अठ्ठेचाळीस धावा होतात की नाही, तेवढंच बघतोस. आपल्या गोलंदाजानं नोबॉल टाकला की घरदार हळहळतं आणि तुझ्या चेहऱ्यावर तेज येतं. हरलास तर 'लॉस कव्हर' करायला पुन्हा लावतोस, जिंकलास तर आज दिवस चांगला म्हणून पुन्हा लावतोस. एवढी सातत्याची सवय अभ्यासाला लागली असती तर तू आज कलेक्टर असतास, असं तुझी आई म्हणते. मी तेवढा आशावादी नाही.

धाकट्या, तुझा नाद बदनाम, कारण तो आवाज करतो. शेजारचे पॉवरलूम थांबले तरी तुझं "मागे आहे, मागे आहे, रिव्हाइव्ह दे!" थांबत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा घरात सुतक होतं. पुढच्या वर्षी तोच खेळ नवं नाव लावून आला आणि बारसं झालं. "मी पैसे लावत नाही" हे तुझं ब्रीद. मग बंदुकीला सोनेरी साज चढवायला यूसी, म्हणजे खेळातले विकतचे पैसे, कुठून आले? आत काय निघेल ते न सांगता पैसे घेऊन उघडायला लावतात, त्याला तुम्ही क्रेट म्हणता. मुंबईत त्याला मटका म्हणायचे. ज्या कापसावर आपलं गाव जगलं, त्याच्याच न्यूयॉर्कमधल्या भावांवर तिथं आधी आकडा लागायचा. 1962 मध्ये कल्याणजी भगतनं वरळीत स्वतःच आकडे काढायला घेतले. तेव्हा निदान चिठ्ठी काढणारा हात तरी दिसायचा.

आता कागद बघू. जागतिक आरोग्य संघटनेची रोगसूची 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. तिच्यात थोरला 6सी50 क्रमांकावर राहतो, धाकटा 6सी51 वर. तिथंही भिंतीला भिंत! लक्षणं तीन: सुरू केलं की आवरत नाही, बाकी सगळ्याच्या आधी तेच येतं, आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहतं. दोघांनाही तीच तीन, जवळपास त्याच शब्दांत. त्यांत पैसे लावलेच पाहिजेत अशी अट नाही, म्हणून धाकट्याचा बचाव फेटाळला. रोज किती तास हेही लिहिलेलं नाही, म्हणून थोरल्याचा "मी फक्त आयपीएलपुरता" हाही फेटाळला.

फरक आहेच. धाकट्याचे तास जातात आणि ते साऱ्या गल्लीला दिसतात. थोरल्याचं दिसत नाही. मुघल सरदार खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याचं पाणी जमिनीखालून कुंडी-कुंडी करत आपल्या गावात आणलं, तोच कुंडी भंडारा. थोरल्या, तू तो उलटा चालवलास: गावातला पैसा भुयारातून बाहेर, वर एक थेंब नाही. वसुलीवाला दारात उभा राहिला तेव्हा घराला कळलं. तेव्हा वाट तुझीच जास्त धोक्याची, हे मान्य. धाकट्यानं लगेच हसू नये. थोरलाही सुरुवातीला फँटसी खेळात फुकटचीच टीम लावत होता.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद, ई-स्पोर्ट्सना उत्तेजन. पैशांचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे एका घरात सरकारमान्य एक पीडित आणि एक होतकरू खेळाडू! पीडितानं त्याच आठवड्यात बुकीकडून व्हॉट्सॲपवर नवा आयडी घेतला. वर्षाला सुमारे 45 कोटी लोक 20 हजार कोटी रुपये घालवतात, असा तेव्हा सरकारचाच अंदाज होता. एवढ्या गर्दीत आपण एकटे 'कंट्रोलमध्ये' आहोत, ही तुझी नम्रता मला आवडते.

हिंमत मात्र सोडू नका. महाराष्ट्राच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे गुणांची कदर होते. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. 31 जुलैला त्यांच्याकडून कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं.

तर निकाल. थोरला धाकट्याबद्दल बोलला ते अक्षर न् अक्षर खरं, धाकटा थोरल्याबद्दल बोलला तेही. दोघांनी एकमेकांचं इतकं अचूक निदान केलंत की डॉक्टरची अर्धी फी वाचली. उरलेली अर्धीही लागणार नाही: मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. तिथं पहिला फोन कोण करणार, यावर मी पानाच्या ठेल्यावर पैज लावून आलो आहे. भाव सध्या धाकट्याच्या बाजूनं आहे. थोरल्या, सेशन संपायच्या आत काय ते कर.

कळावे, लोभ असावा.

तुमचा काका