गृहोपस्करवहनव्ययमीमांसा

बिऱ्हाडातील जो वस्तुसमुदाय कायद्याने जंगम असूनही प्रत्यक्ष हलविण्याचा प्रसंग येईपर्यंत स्थावर मानला जातो, त्यास उपस्कर म्हणावे. विसरलेली वस्तू आणण्यासाठी त्याच दिवशी परत जाता येणार नाही, इतक्या दूरच्या नगरात उपस्कर नेणे म्हणजे दूरवहन. दूरवहनाच्या निमित्ताने कुटुंबातून बाहेर जाणारे, परंतु कोणत्याही एका पावतीवर संपूर्णपणे न दिसणारे द्रव्य म्हणजे व्यय. या तिहींच्या परस्परसंबंधाचा विचार हा प्रस्तुत शास्त्राचा विषय होय. विवेचनार्थ पुणे ते बंगळूर हे सुमारे ८४० किलोमीटरांचे अंतर आणि दोन शयनकक्षांचे मध्यमवर्गीय बिऱ्हाड आदर्श म्हणून घेतले आहे. कोथरूडहून कात्रजला जाणे या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. ते टेम्पोवाल्याच्या कक्षेत येते.

परिमाणविचार

बिऱ्हाड किलोत मोजावे की घनफुटांत, हा शास्त्रातील आद्य वाद.

भारवादी संप्रदायास राजाश्रय आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या प्रवासभत्ता नियमांनुसार बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा संसार वेतनस्तर सहा व त्यापुढे असल्यास ६००० किलो, पाचव्या स्तरावर ३००० किलो आणि चौथ्या व त्याखालील स्तरांवर १५०० किलो एवढा मान्य होतो. यावरून निष्पन्न होणारा सिद्धान्त असा, की पाचव्या स्तरावरून सहाव्यावर बढती मिळताच संसाराचे वजन एका रात्रीत दुप्पट होते. रेल्वेही भारवादीच. स्लीपरच्या प्रवाशास ४० किलो, वातानुकूलित द्वितीय श्रेणीच्या प्रवाशास ५० आणि वातानुकूलित प्रथम श्रेणीच्या प्रवाशास ७० किलो सामान विनामूल्य नेता येते. म्हणजे येथेही वजन सामानाचे नसून सामानधारकाच्या प्रतिष्ठेचे आहे.

याउलट ट्रकवाले आयतनवादी. त्यांच्या मते वजन ही ट्रकची चिंता असून जागा ही मालकाची चिंता आहे. १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच हौद्याची आयशर घेतल्यास ५०४ घनफूट आकाश उपलब्ध होते. या मतभेदाचे परिणाम गंभीर आहेत. भारवाद्यांच्या दृष्टीने कापसाची गादी निरुपद्रवी आणि पाटा-वरवंटा महापातकी. आयतनवाद्यांच्या दृष्टीने पाटा पलंगाच्या फळ्यांखाली निमूट बसणारा सत्पुरुष आणि गादी सर्वभक्षक.

आयतनवादाची खरी कसोटी मात्र टीव्हीच्या मूळ खोक्यावर लागते. हा खोका टीव्ही घेतल्या दिवसापासून माळ्यावर जपला जातो आणि त्याचे एकमेव प्रयोजन 'कधी शिफ्टिंग झालं तर' हे असते. शिफ्टिंगच्या दिवशी पॅकर्सची माणसे स्वतःचा खोका, थर्माकोल आणि बबल रॅप घेऊन येतात व टीव्ही त्यात बांधतात. मूळ खोका तरीही टाकला जात नाही, कारण पुढेही शिफ्टिंग होऊ शकते. तो रिकामाच ट्रकमध्ये चढतो. साडेतीन फूट लांबी, सव्वादोन फूट उंची आणि अर्धा फूट जाडी धरल्यास त्याचे आयतन सुमारे ४ घनफूट भरते. ५०० घनफुटांचे भाडे ३०,००० रुपये ठरले असे समजल्यास घनफुटाला ६० रुपये पडतात, आणि पुण्यातील २४० रुपयांची हवा बंगळुरास पोहोचते. तेथील हवा अधिक चांगली असल्याचे सर्वमान्य असूनही हा व्यवहार थांबलेला नाही.

व्ययभेद

व्यय तीन प्रकारचा : दृष्ट, अदृष्ट आणि अपूर्व.

दृष्ट व्यय म्हणजे कोटेशनवर छापलेला. त्याचे ज्ञान चार प्रमाणांनी होते. सुपरवायझर घरी येऊन माळा पाहतो ते प्रत्यक्ष; फोनवर 'टू बीएचके ना, कळलं' म्हणतो ते अनुमान; खालच्या मजल्यावरच्यांना गेल्या वर्षी किती पडले त्यावरून काढतात ते उपमान; आणि 'साहेब, काही एक्स्ट्रा लागणार नाही, माझा शब्द' हे शब्दप्रमाण. पहिल्या तिन्ही प्रमाणांनी सिद्ध झालेला आकडा चौथ्याने बाधित होतो, हे या शास्त्राचे वैशिष्ट्य. दृष्ट व्ययाविषयी यापेक्षा अधिक सांगण्यासारखे नाही. तो सर्वांत लहान असतो.

अदृष्ट व्यय कोटेशनच्या वेळी अस्तित्वात असतो, परंतु दिसत नाही. लिफ्ट बंद असणे, गल्लीत आयशर न शिरणे आणि त्यामुळे नाक्यापासून घरापर्यंत छोटा हत्ती करावा लागणे, सोसायटीने शिफ्टिंगसाठी मागितलेले पैसे, लिफ्टच्या भिंतींना पुठ्ठा लावण्याचा आग्रह, आणि हमालांचे चहापाणी, ही त्याची अंगे. हमालीस महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्यापासून कायदेशीर प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे; चहापाण्यास ती अनादिकाळापासून आहे. टोल मात्र अदृष्टात मोडत नाही. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे चारही नाके ट्रकवाला भाव सांगतानाच एका दमात म्हणून दाखवतो.

अपूर्व व्यय म्हणजे जो ट्रक निघेपर्यंत नव्हताच. तो क्रियेतून जन्मतो आणि त्याचे फळ कालांतराने मिळते. अवजड गाड्यांना दिवसा शहरात मज्जाव असलेल्या वेळेत ट्रक बंगळुराच्या वेशीवर पोहोचतो आणि तेथून होल्टिंगचा फोन येतो, हे त्याचे सौम्य रूप. एसीचे रूप मध्यम : काढण्याचे पैसे एकास, बसविण्याचे दुसऱ्यास, आणि वाटेत कोठे तरी उडून गेलेल्या गॅसचे तिसऱ्यास. परंतु अपूर्वाचे परमोच्च उदाहरण दुचाकी होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवी नोंदणी लागते, आणि त्याआधी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र. नव्या राज्यात कर भरावा, मग जुन्या राज्यात भरलेल्या आजीवन कराच्या उर्वरित भागाचा परतावा मागावा. हे कर्म यथाविधि केल्यास फल अवश्य मिळते असे शास्त्र सांगते. ते या जन्मी मिळते असे कोठेही म्हटलेले नाही.

या तिन्ही भेदांच्या मुळाशी एकच सूत्र आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व शास्त्र त्यात सामावते : व्यय अंतराशी नव्हे, ममत्वाशी सम प्रमाणात, आणि ममत्व मूल्याशी व्यस्त प्रमाणात. फ्रिज न्यावा की विकावा यावर कुटुंबात थंड डोक्याने चर्चा होते. हँडल तुटलेल्या इडलीपात्रावर चर्चा होत नाही, ते जातेच. गणपतीच्या थर्माकोलच्या मखराचेही तेच. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली. त्यामुळे ते मखर वापरता येत नाही, आणि केलेल्या कष्टांमुळे टाकताही येत नाही. अशी वस्तू शास्त्रदृष्ट्या नित्य होय. गोदरेजचे कपाट उचलताना चारही हमाल एका सुरात कण्हतात, तरी ते कोणी मोडीत काढल्याचे ऐकिवात नाही, कारण लॉकरची चावी हरवली आहे आणि आत काय आहे ते पाहायचे राहिले आहे.

राज्यसत्तेनेही हे सूत्र अप्रत्यक्षपणे मान्य केले आहे. वस्तू व सेवा कराच्या ई-वे बिलातून वापरलेले घरगुती सामान वगळलेले आहे. ज्यास घरात अमूल्य म्हणतात, त्यास शासन करपात्र व्यापारही समजत नाही.

अभावप्रकरण

पोहोचलेल्या वस्तूंपेक्षा न पोहोचलेल्या वस्तूंचे ज्ञान अधिक सूक्ष्म असते. म्हणून अभावाचा विचार सविस्तर करणे प्राप्त आहे. तो चतुर्विध आहे.

(१) प्रागभाव. कार्य उत्पन्न होण्यापूर्वी त्याचा जो अभाव, तो प्रागभाव. प्रवासापूर्वी डायनिंग टेबलावर ओरखडा नव्हता, हा गृहस्थाचा पक्ष. पण सुपरवायझर हा निष्णात तार्किक असतो. सामानाच्या यादीत तो प्रत्येक वस्तूपुढे आधीच 'जुने, स्क्रॅच' असे लिहून ठेवतो, आणि गृहस्थ गडबडीत खाली सही करतो. प्रागभाव अशा रीतीने मुळातच खंडित झाल्यावर नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. नव्या मिक्सरपुढेही 'जुने, स्क्रॅच' लिहिलेले पाहून एका वहिनींनी हरकत घेतली असता उत्तर मिळाले, "वहिनी, ते आमचं फॉर्मॅटच आहे."

(२) प्रध्वंसाभाव. वस्तू होती, आता नाही. तिचे तुकडे आहेत. याचे अधिष्ठान प्रायः काचेची बरणी, आणि बरणीत लोणचे असल्यास सभोवतालच्या खोक्यांवरही त्याची व्याप्ती आढळते. यावर उपाय म्हणून मालाच्या घोषित किमतीवर काही टक्के आकारून विमा दिला जातो. येथे गृहस्थ द्वैतात सापडतो : किंमत जास्त लिहिल्यास हप्ता जास्त, कमी लिहिल्यास मनाला वेदना. लोणच्याची किंमत लिहिण्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

(३) अत्यंताभाव. तिन्ही काळी जे नाही ते. पलंग सोडताना काढलेले नट-बोल्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी 'नीट' ठेवली जाते. ती कोणत्या खोक्यात आहे हे त्या क्षणापासून कोणासही माहीत नसते, ठेवणाऱ्यासही नाही. पलंग बंगळुरात जमिनीवर गादी टाकून वापरला जातो. काही नव्य नैयायिकांच्या मते ही पिशवी कधी अस्तित्वातच नव्हती. परंतु ती बांधताना पाहणारे साक्षीदार प्रत्येक घरात आहेत, म्हणून हे मत त्याज्य.

(४) अन्योन्याभाव. हे ते नव्हे. पार्ट लोडमध्ये, म्हणजे दोन-तीन बिऱ्हाडे एकाच ट्रकमध्ये घालून भाडे वाचविण्याच्या प्रकारात, हा विशेषत्वाने आढळतो. आपला खोका हुबळीला उतरतो आणि दावणगेरेकडे निघालेला कोणाचा तरी चकली-सोऱ्या आपल्याकडे येतो. सोऱ्या आपल्याहून चांगला असल्यास तक्रार विलंबाने केली जाते.

संप्रदायभेद

सर्व काही बरोबर न्यावे, हे सर्ववाही संप्रदायाचे मत वर आलेच आहे. विसर्जनवादी म्हणतात, "तिकडे सगळं मिळतं." त्यांचा उपसंप्रदाय मोडीतवादी : जुना सोफा भंगारवाल्यास देऊन तेथे नवा घ्यावा. हिशेबाने हेच मत श्रेष्ठ ठरते, म्हणून ते बहुतेक घरांत पराभूत होते. भंगारवाला सोफ्याचा जो भाव सांगतो, तो ऐकल्यावर सोफा नेण्याचा निर्णय अपमानापोटी होतो, आणि त्या अपमानाचे भाडे १९ फुटी गाडीत भरले जाते.

तिसरा प्रतिगमनवादी. बंगळुराहून पुण्याला माल घेऊन आलेला ट्रक रिकामा परतण्याऐवजी कमी भाड्यात जातो, तो गाठावा, असे हे म्हणतात. मत निर्दोष आहे. केवळ ट्रक ज्या दिवशी असतो त्या दिवशी बिऱ्हाड बांधलेले नसते. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली आणि पुढे काही वर्षांत ती पुन्हा दिल्लीस नेली. परंपरा यास लहरीपणा म्हणते. प्रस्तुत शास्त्राच्या दृष्टीने तो एकाच बिऱ्हाडाचे दोन्ही बाजूंचे भाडे भरण्याचा आद्य व सर्वांत खर्चिक प्रयोग होय.

देव आणि तुळस या दोहोंविषयी सर्व संप्रदायांचे एकमत आहे. देव ट्रकने जात नाहीत. ते मऊ कापडात गुंडाळून गृहिणीच्या पर्समध्ये जातात. कुंड्यांची जबाबदारी पॅकर्स घेत नाहीत, म्हणून तुळस मांडीवर. गॅसच्या सिलिंडरविषयीही मतभेद नाही : तो वितरकाकडे परत करून अनामत घ्यावी. रेग्युलेटर मात्र परत करण्याच्या दिवशी सापडत नाही, आणि तो सापडेपर्यंतचा शोध हा अदृष्ट व्ययात धरावा की अभावप्रकरणात, याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.

अनुद्घाटित खोका

उरला एक विषय. प्रत्येक बिऱ्हाडात एक खोका असा असतो, की जो मागील स्थलांतरानंतर उघडलेला नाही. त्यावर मार्करने 'इतर' असे लिहिलेले असते. अंगावर निळा, काळा व तांबडा असे तीन क्रमांक असतात, म्हणजे तीन यात्रा झालेल्या असतात. हाच खोका ट्रकमध्ये सर्वप्रथम चढतो, कारण तो आधीच बांधलेला असतो. त्यात काय आहे याविषयी गृहस्थ व गृहिणी यांची मते भिन्न असून दोन्ही मते चुकीची असण्याचा संभव मोठा. तथापि तो उघडून पाहावा असे कोणीही सुचवत नाही. उघडल्यास पुन्हा बांधावा लागतो.

विम्याच्या फॉर्मवर त्याची किंमत व स्थिती काय लिहावी, हा प्रश्न तरीही उरतो. सुपरवायझर येथेही 'जुने, स्क्रॅच' लिहू पाहतो. ते स्वीकारू नये. जी वस्तू कोणी पाहिलेली नाही, तिच्यावर ओरखडा असल्याचे सिद्ध करता येत नाही. म्हणून किंमत ५०० रुपये लिहावी आणि स्थितीच्या रकान्यात 'उत्तम' असे स्वच्छ अक्षरात लिहून सही करावी.