गुटखाशेठ, तुमच्या गिऱ्हाइकाचे तोंड उघडत नाही

जालना जिल्ह्यात गुटख्याचा ठोक माल उतरवणाऱ्या शेठ यांस,

पत्रावर तुमचे नाव घालता आले नाही. ज्यांना ते माहीत आहे ते सांगत नाहीत. पेपरात छापून येते ते टेम्पोच्या ड्रायव्हरचे नाव, फार तर टपरीवाल्याचे. कुठे गाडी पकडली, कुठे शेतातल्या शेडवर छापा पडला, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त झाला, आणि थोड्याच दिवसांत त्याच टपरीत पुडी पुन्हा हजर, जरा महाग होऊन. छापा पडला की भाव चढतो, चढलेल्या भावात तुमचा तोटा भरून निघतो. सरकारने केलेला दंड शेवटी गिऱ्हाईकच भरते. धंदा तुम्हाला कळतो, हे मान्य करावेच लागेल.

जुलै 2012 पासून महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला बनवणे, साठवणे, नेणे, विकणे बंद आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली असा आदेश एका वेळी एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून सरकार तो दरवर्षी नव्याने काढते. पुढे सुगंधी तंबाखू, मावा, खर्रा हेही त्यात आले. त्या जुलैत जालन्यात जन्मलेले पोर आता हायस्कुलात जाते. त्याच्या जन्मापासून गुटखा बंद आहे आणि शाळेच्या वाटेवर त्याला पुडी मिळते. ही तुमची कर्तबगारी. तिच्यात ज्यांनी ज्यांनी डोळे मिटून हातभार लावला, त्यांचाही वाटा मी कमी लेखत नाही.

दोन पुड्यांची युक्ती तर सगळ्या देशाने पाहिली. एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. दोन्ही एकदम विकायच्या, गिऱ्हाइकाने तळहातावर एकत्र करायच्या. पहिल्या पुडीवर ठळक छापलेले, की यात तंबाखू नाही. महाराष्ट्रात पानमसालाही बंदच असल्याने ही पळवाट इथे मुळातच बंद आहे, पण ते गिऱ्हाइकाला कोण सांगणार? आणि त्या ‘तंबाखू नाही’चा अर्थ तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. तंबाखूविना चघळली तरी.

तुमचा माल तोंडात काय करतो, ते आता सविस्तर सांगतो. तुम्ही पेट्या मोजता, पुडी फुटल्यानंतरचे पाहत नाही.

गुटख्यातला चुना चवीपुरता नसतो. त्याच्या क्षारामुळे तंबाखूतले निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून भराभर रक्तात शिरते. म्हणून पहिल्या पुडीला डोके गरगरते आणि पंधरा दिवसांनी पुडीशिवाय डोके चालत नाही. सुपारीचे काम सावकाश चालते. आधी तिखट सोसेनासे होते. भाकरीबरोबर ठेचा खाणाऱ्या घरातला पोरगा जेवताना वरण मागू लागतो. आईला वाटते, पित्त झाले असेल. मग गाल आतून पांढुरके पडतात, त्यांत ताठ पट्टे हाताला लागतात. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. याच्या तोंडात दोनच जातात, काही वर्षांनी एक. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाखालचे तंतू वाढत राहतात, आणि सुपारीतच असलेल्या तांब्यामुळे ते इतके घट्ट विणले जातात की शरीराला मोडून काढता येत नाहीत. पुडी सोडली तर पुढचे आवळणे थांबू शकते. झालेले आवळणे पूर्ववत होत नाही. चार जणांत बसून घास घेता येत नाही, जांभई देता येत नाही, दात किडला तर डॉक्टरला आत हत्यार घालता येत नाही. केरळात अशा रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले होते. शंभरात सात-आठ जणांना पुढे कर्करोग झाला.

तक्रार करायला ज्याचे तोंडच उघडत नाही असे गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या व्यापाऱ्याला मिळाले आहे, शेठ?

2020 साली भारतात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 36 हजार नवे रुग्ण निघाले. साऱ्या जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या आपल्या देशात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी 3.8 टक्के लोक बिडी-सिगारेट ओढणारे होते आणि 24.4 टक्के तंबाखू चघळणारे वा लावणारे. आपल्याकडचे व्यसन धुरापेक्षा गालफडात अधिक आहे. त्यात घरोघरच्या बायकांची मिशेरीही आली. ती तुमच्या पेट्यांतून येत नाही, म्हणून तिच्याबद्दल वेगळे लिहीन.

आता तुमच्या सुरक्षिततेबद्दल. अन्न सुरक्षा कायद्याचे कलम 59 तुमच्या वकिलाने तुम्हाला वाचून दाखवले असेल. असुरक्षित अन्नामुळे माणूस मेला तर किमान सात वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा, शिवाय दहा लाखांहून कमी नाही एवढा दंड. कागदावर याहून कडक काय हवे? पण विषारी दारू रात्री प्याली की सकाळी प्रेते मोजता येतात. तुमची पुडी माणसाला दहा-पंधरा वर्षे घेऊन मारते. तोवर पुडीचा कागद गटारात गेलेला, टपरीवाला बदललेला, आणि माल कुणाचा होता हे सिद्ध करणारा एकही पुरावा उरलेला नसतो. तुम्हाला पोलीस वाचवत नसतील, पुढारी वाचवत नसतील, असे क्षणभर धरून चालू. या रोगाचा संथपणा तुम्हाला वाचवतो. तुमचा सगळा नफा या मधल्या वर्षांत राहतो, आणि हे तुम्हाला पुरते ठाऊक आहे. माझा राग त्यासाठी आहे.

तुमचे गिऱ्हाईकही तुम्ही नेमके हेरले आहे. जालन्याच्या एमआयडीसीत सळया ओढणाऱ्या मिलमध्ये रात्रपाळीला भट्टीसमोर उभा राहणारा कामगार. दिवाळीनंतर घनसावंगी, मंठा, परतूरकडून टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्यांचा कोयता पहाटेच्या अंधारात सुरू होतो. जिनिंगमध्ये कापसाच्या धुरळ्यात राबणारा. या माणसांना झोप मारायची असते, भूक पुढे ढकलायची असते, आणि चहा-नाश्त्यापेक्षा पुडी स्वस्त पडते. जे काम माणसाला विश्रांती देत नाही त्याच्या दाराशी तुमची टपरी उभी असते. आम्ही जबरदस्ती करत नाही, असे तुम्ही म्हणाल. बारा-चौदा वर्षांच्या पोराला निकोटीनची ओढ लावल्यावर जबरदस्तीची गरज उरत नाही.

मी विकले नाही तर दुसरा विकेल, हेही म्हणाल. मग त्या दुसऱ्यालाही हेच पत्र.

कर्करोगाची गाठ उशिरा लक्षात येते. मग आधी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नाहीतर देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई. परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून उभे आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तिथल्या रुग्णांची नातलगांसह सोय होते. ती जिथे मिळत नाही, तिथे फूटपाथ. ऑपरेशनमध्ये गाल जातो, जबड्याचा भाग जातो, मानेतल्या गाठी काढतात, आणि भोक बुजवायला छातीचे मांस किंवा पायाचे हाड लावतात. नाकातल्या नळीतून पातळ पेज. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले योजनेतून होतो, म्हणजे तुमच्या धंद्याचे बिल सरकारी तिजोरी भरते. बुडालेली मजुरी, मोडलेली जोडी, शाळा सोडून कामाला लागलेली थोरली पोर, हे कुठल्याच योजनेत बसत नाही.

आर. आर. आबा पाटील तुम्हाला आठवत असतील. 2012 मध्ये बंदी आली तेव्हा ते राज्याचे गृहमंत्री होते. तुमच्या गाड्या अडवणारे पोलीस त्यांच्या हाताखाली. तंबाखूची सवय त्यांना होती आणि ती लपलेली नव्हती. 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्या कर्करोगाने ते गेले, 57 व्या वर्षी. उत्तम रुग्णालय, उत्तम डॉक्टर, सगळा महाराष्ट्र काळजीत, तरी गेले. आणि भुसावळचा मुकेश हराणे. सिनेमाच्या आधी पडद्यावर येऊन बोलणारा तो मुलगा 2009 साली टाटा रुग्णालयात गेला तेव्हा अवघा 24 वर्षांचा होता. लोक त्या जाहिरातीच्या वेळी पॉपकॉर्न आणायला उठत, काही जण तिची नक्कलही करत. मला ते कधी सोसले नाही. खानदेशातले पोर मरता मरता आपल्याला काही सांगून गेले आहे.

सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की गुटख्याच्या गुन्ह्यात अन्न सुरक्षा कायद्याबरोबर तेव्हाच्या दंडसंहितेखालीही खटला चालवायला आडकाठी नाही. म्हणून या पत्राची एक प्रत पोलीस अधीक्षकांना आणि एक अन्न व औषध प्रशासनाला पाठवत आहे. पकडलेल्या प्रत्येक गाडीत माल कुणी भरला आणि कुणाकडे उतरणार होता, याचा तपास ड्रायव्हरपाशीच का थांबतो, एवढे त्यांनी जिल्ह्याला सांगावे. शिक्षणाधिकाऱ्यांनाही एक प्रत जाईल. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत साधी तंबाखूही विकता येत नाही, असा 2003 चा कायदा आहे. ते अंतर मोजायला एक टेप पुरते.

तुमच्याशी बोलणे इथे संपले. पण हे पत्र तुमच्या आधी तुमचे गिऱ्हाईक वाचेल, म्हणून पुढचे त्याच्यासाठी. बाबा रे, आज रात्री आरशासमोर उभा राहा आणि तुझी तीन बोटे उभी करून तोंडात घालून बघ. गाल आतून उलटवून बघ, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघ. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड असेल, बोटे मावत नसतील, तर जिल्हा सामान्य रुग्णालयात दातांच्या विभागात दाखव. तिथे केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारचा मोफत फोन आहे. दुखत नाही म्हणून थांबू नको. सुरुवातीचा कर्करोग बहुतेक वेळा दुखतच नाही.

जालन्यातला एक रहिवासी