पंख्याची चावी मालकाकडे द्या

रात्री साडेदहाची वेळ. घर निजलेलं. लॅपटॉपवर एकच साधी फाइल उघडलेली, त्यात चार ओळी टाइप करायच्या. तेवढ्यात पंखा घूं करत चढतो, दहा सेकंदांत उतरतो, पुन्हा चढतो. छताचा पंखा रात्रभर फिरतो आणि कुणाची झोप मोडत नाही, कारण त्याचा आवाज एकसुरी असतो. कान तो विसरून जातात. लॅपटॉपचा पंखा त्रास देतो तो मोठ्याने वाजतो म्हणून कमी आणि सारखा सूर बदलतो म्हणून जास्त.

माझ्या लॅपटॉपचं असंच चालायचं. सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेलो तर काउंटरवरून एका शब्दात निकाल मिळाला: ‘नॉर्मल’. हे नॉर्मल नाही. हा कंपनीचा आळस आहे.

का, ते सांगतो. पंखा चालवते मदरबोर्डवरची एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप. तिच्याकडे एक तक्ता असतो: इतकं तापमान झालं की इतका वेग. आपण एखादं वेबपान उघडलं की प्रोसेसर क्षणभर टर्बो वेगाने धावतो, पारा झपकन वर जातो आणि दोन सेकंदांत खाली येतो. उतावळा तक्ता त्या क्षणाच्या उसळीलाही पंखा पळवतो. यावरचा तोडगा आपल्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षं गुपचूप काम करतोय. फ्रिजचा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर एका तापमानाला सुरू करतो आणि त्याहून बऱ्याच खालच्या तापमानाला बंद करतो. मधलं अंतर नसतं, तर फ्रिज दर मिनिटाला खडखडला असता. लॅपटॉपलाही एवढंच हवं: पंखा 70 अंशांना चढला तर 60 पर्यंत उतरल्याशिवाय त्याने वेग बदलू नये.

पंखा नियंत्रित करणारी सॉफ्टवेअरं हेच करू देतात. त्यांतून थोडा वेग कमी केला तरी फायदा मोठा होतो. मिनिटाला 4000 फेऱ्यांचा पंखा 3200 वर आणला की हवा 20 टक्क्यांनी घटते, आवाज मात्र साधारण 5 डेसिबलने उतरतो. कानाला तो फरक सहज कळतो.

मग ही सोय बहुतेक कंपन्या स्वतः का देत नाहीत? फार तर ‘शांत’, ‘समतोल’, ‘वेगवान’ अशी तीन बटणं मिळतात, आणि त्यांमागे कोणते आकडे आहेत ते सांगत नाहीत. वैतागलेला माणूस मग बाहेरचा प्रोग्रॅम उतरवतो. अशा अनेक प्रोग्रॅमांच्या पोटात विनरिंग0 नावाचा ड्रायव्हर होता. तो हार्डवेअरपर्यंत थेट पोचतो, आणि त्यातली सुरक्षेची त्रुटी 2020 सालीच नोंदवली गेली होती. 2025 मध्ये विंडोज डिफेंडर त्याला धोकादायक ठरवून अडवू लागला. डिफेंडरचं चुकलं नाही. पण पंख्याचा आवाज कमी करण्यासाठी माणसाला घराचं मागचं दार उघडं ठेवावं लागलं, याचा दोष कंपन्यांच्याच माथी जातो.

‘ग्राहक पंखा बंद करून मशीन जाळतील’ ही सबबही टिकत नाही. लिनक्समधला थिंकपॅडचा ड्रायव्हर पाहा. पंख्यावरचा ताबा त्यात आधी बंदच असतो, मालकाने मुद्दाम सांगितलं तरच उघडतो. मग 0 ते 7 असे टप्पे मिळतात. शिवाय पहारेकरी नेमता येतो: ठरवलेल्या वेळात, जास्तीत जास्त 120 सेकंदांत, नवा हुकूम आला नाही तर ड्रायव्हर पंखा पुन्हा सुरक्षित चालीवर नेतो. मोकळीक आणि सुरक्षितता एकत्र नांदतात, हे तिथे दिसतं.

आता पंखा सरळ शून्यावर नेणाऱ्यांना एक शब्द. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! उष्णता तर आतच राहते. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग छाटतो, आणि शेजारची बॅटरी रोज भाजून लवकर म्हातारी होते. दुसऱ्याच्या मशीनचा तयार तक्ताही डोळे मिटून घेऊ नका. वीस अंशांच्या खोलीत जमलेले आकडे चंद्रपूरच्या मे महिन्यात चालणार नाहीत. तिथे पंखा आत ओढतो ती हवाच चाळिशीला टेकलेली असते.

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणा. जाळीत साचलेली धूळ काढून घ्या. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्के करता येत असेल तर करून पाहा, बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर त्याने टर्बो थांबतो. लिहिण्यावाचण्याच्या कामाला तो लागतही नाही. कित्येकांचा पंखा एवढ्यानेच शांत होईल.

आणि पुढचा लॅपटॉप घेताना रॅम, स्टोरेज विचारून झालं की दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: पंख्याचा तक्ता मला बदलता येतो का? ‘नाही’ म्हणाला, तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.