निमतानदारसाहेब बुडापेस्टला

निवृत्त मास्तर लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेतील ऱ्हस्वदीर्घ सुधारून ती यजमानाला परत पाठवतो आणि निवृत्त फौजदार नातवाचा चेंडू हरवला तर प्रथम शेजाऱ्यांचे जबाब घेतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु मोजणी खात्यातून, म्हणजे हल्लीच्या भाषेत भूमी अभिलेख विभागातून, पेन्शनीत निघालेले निमतानदार या दोघांवरही ताण करतात, कारण त्यांच्या खात्याचा विषय साक्षात पृथ्वी असल्यामुळे खाते सोडून जायला त्यांना जागाच उरत नाही.

अशा एका निमतानदारसाहेबांच्या शेजारी बसून २७ ऑगस्ट २०२३ ची सायंकाळ, म्हणजे बुडापेस्ट येथील जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेची अखेरची सायंकाळ, पाहण्याचा योग आम्हांस लाभला. साहेब व्हिएन्नास मुलीकडे मुक्कामाला आले होते आणि जावईबापूंनी मोठ्या हौसेने त्यांना डॅन्यूबकाठच्या त्या नव्याकोऱ्या मैदानात आणून बसवले होते. साहेबांचा जीव वास्तविक स्टीपलचेसमध्ये, कारण बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीत उतरणार, आणि त्या तालुक्यातली शिवारे साहेबांनी जातीने मोजलेली. परंतु साबळे प्राथमिक फेरीतच बाहेर पडल्यामुळे ते प्रकरण, साहेबांच्या शब्दांत, ‘निकाली निघाले’ होते आणि आता भालाफेकीवर भागवणे प्राप्त होते.

सभोवार हजारो प्रेक्षक धावणाऱ्यांकडे पाहत असता साहेब जमिनीकडे पाहत होते. ५००० मीटरच्या शर्यतीत नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्त्सनने स्पेनच्या मोहम्मद कातिरला अगदी शेवटच्या काही पावलांत मागे टाकले, सारे मैदान उभे राहिले, आणि साहेब बसल्या जागी जावयाला विचारीत होते, “भाल्याची ही मोजणी सुरू कुठून होते? मूळ खूण कोणती?” धावपट्टीच्या टोकाशी ८ मीटर त्रिज्येचा कंस असतो, त्या वर्तुळाच्या मध्याला धरून आखलेल्या दोन पांढऱ्या रेषा सुमारे २९ अंशांचा कोन करीत हिरवळीवर पसरत जातात आणि भाल्याचे टोक त्यांच्या आत टेकले तरच फेक ग्राह्य धरतात, एवढी माहिती जावईबापूंनी मोबाइलवरून काढून सादर केल्यावर साहेबांची मुद्रा प्रथमच प्रसन्न झाली. “हद्दी कायम आहेत,” ते म्हणाले, “पण दगड रोवायला हवे होते.”

भालाफेकीत भारताच्या नीरज चोप्राची पहिली फेक बाद ठरली तेव्हा तिरंगे घेऊन आलेल्या मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले. साहेबांनी मात्र कारणाची चौकशी न करता खिशातल्या वहीत ‘अतिक्रमण’ असा शेरा मारला. मीटर हे माप त्यांनी नोकरीत हुकमाप्रमाणे वापरले खरे, पण अंतःकरणात त्यांच्या अद्याप ३३ फुटी साखळी आणि तिचे १६ आणेच ठाण मांडून बसलेले. सबब प्रत्येक फेकीचे साखळ्यांत रूपांतर करणे आले, आणि असाच एक भागाकार चालू असता डोक्यावर आभाळ कोसळावे तसा जल्लोष झाला, फलकावर ८८.१७ हा आकडा झळकला आणि जावईबापू आसनावर चढून नाचू लागले.

“बाबा, पाहिलंत की नाही?”

“नाही,” साहेब निर्विकारपणे म्हणाले. “पण तुमच्या त्या चोप्रांनी तरी कुठे पाहिला? भाला हातातून सुटला की पाठ फिरवून हात वर करतात, असं तुम्हीच गाडीत सांगत होता. खुद्द अर्जदार जागेवर लक्ष देत नाही, तिथं मी कशाला देऊ?”

नीरजची ती सवय जगजाहीर असल्यामुळे जावईबापू निरुत्तर झाले.

साहेबांचे दुःख निराळेच होते. भाला पडल्या जागी एका इसमाने काठी टेकवली, दूरच्या यंत्राने ती पाहिली आणि पापणी लवते न लवते तोच माप जाहीर झाले. अर्ज नाही, चलन नाही, लगतच्या कब्जेदारांना नोटीस नाही. आपल्याकडे त्या काळी अति तातडीच्या मोजणीची फी भरणाराही एवढ्या तातडीची अपेक्षा धरीत नसे. (मोजणी होण्याआधी आपण निवर्तू नये, एवढीच त्याची अपेक्षा असे, हे मत अर्थात आमचे, साहेबांचे नव्हे.) त्यांचे समाधान करावे म्हणून आम्ही त्यांस उवे होनची हकीकत सांगितली. पूर्व जर्मनीच्या या गड्याने १९८४ साली १०४.८० मीटर भाला फेकला आणि मैदाने अपुरी पडण्याची धास्ती निर्माण झाली. पुढे १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला, जेणेकरून तो लवकर नाक खाली करून जमिनीत शिरावा. “म्हणजे हद्द न हलवता अतिक्रमण करणाऱ्यालाच आखूड केला!” साहेब गहिवरले. इतका निःस्पृह निवाडा त्यांनी उभ्या नोकरीत कोण्या प्रांताकडून ऐकला नव्हता.

त्या सायंकाळी पारुल चौधरीने स्टीपलचेसमध्ये ९ मिनिटे १५.३१ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, आपले चौघे रिलेत पाचवे आले, भालाफेकीतच किशोर जेना पाचवा आणि डी. पी. मनू सहावा राहिला. हे सर्व साहेबांच्या वहीच्या पलीकडे घडले. वहीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमची ८७.८२ मीटरची फेक तेवढी उतरली होती. नीरज आठ साखळ्या सव्वाबारा आणे, अर्शद आठ साखळ्या आणि पावणेबारा आण्यांना जरा कमी. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

“पस्तीस सेंटिमीटर,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “अर्धा आणा आणि वर थोडंसं. जावईबापू, हा नुसता बांध आहे हो! एवढ्या बांधापायी सख्ख्या भावांनी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि हे तर शेजारी.”

तेव्हापासून मात्र त्यांनी मैदानावरची दृष्टी काढली नाही. उरलेल्या प्रत्येक फेकीला त्यांचा श्वास अडकत होता. अखेर भारताला या स्पर्धेच्या इतिहासातील पहिले सुवर्णपदक मिळाले, तिरंगा पाठीशी घेतलेल्या नीरजने अर्शदला हाक मारून जवळ बोलावले आणि तिसऱ्या आलेल्या चेक प्रजासत्ताकाच्या वाडलेचसह तिघेही छायाचित्रासाठी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. साहेबांनी चष्मा पुसून ते दृश्य आपादमस्तक तपासले, वहीत ‘लगतचे कब्जेदार समक्ष हजर. मोजणी मान्य. हरकत नाही’ असे लिहून खाली तारीखवार सही ठोकली आणि पंच म्हणून सही करण्यासाठी वही आमच्यापुढे धरली.