आश्विनातला नाखवा

सिद्धगडाच्या पायथ्याला भात पिवळं पडू लागलं की मुरबाड-शहापूरकडच्या एका ठरावीक इसमाला समुद्राचे वेध लागतात. एरवी त्याचा पाण्याशी संबंध विहिरीवरची मोटार आणि गच्चीवरची काळी टाकी एवढाच. पण दसरा उलटला, आभाळ निवळलं की तो कापणी मजुरांवर सोपवतो, बायकामुलांना गाडीत कोंबतो आणि अलिबाग, मुरुड नाहीतर हर्णै गाठतो. त्याला पोहता येत नाही, आणि पापलेट काय, कल्याणच्या बाजारातही मिळतं. तो जातो लाकडी होड्या बघायला. पुळणीवर ओढून ठेवलेल्या होडीच्या कुशीवर तो हात ठेवतो, म्हशाच्या जत्रेत खोंडाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग डोळे मिटून म्हणतो, "साग!" होडी आंब्याची असते. या माणसाला आपण आश्विनातला नाखवा म्हणू. खरा नाखवा नारळी पौर्णिमा झाली की कामाला लागलेला असतो. हा दसऱ्यानंतर उगवतो आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत टिकतो.

त्याची विद्वत्ता मात्र खोटी नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. शीड, सुकाणू, डोलकाठी, उलांडी हे शब्द तो घरच्यासारखे वापरतो. मचवा आणि गलबत यांतला फरक तो सांगतो, तेही जाळं विणत बसलेल्या माणसाला. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला काढली, हे त्याला पाठ आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' 1817 साली पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, हेही तो सांगतो, आणि सांगताना त्याचा ऊर असा भरून येतो की जणू ती गोदी त्याच्या आजोबांनी खोदली. सगळं बरोबर. चूक एकच: या गोष्टी तो समुद्राच्या म्हणून सांगतो. त्या मुळात डोंगराच्या आहेत. कल्याणला जहाजं बांधता आली ती पुढे खाडी होती म्हणून, तशीच मागे सह्याद्रीचं रान होतं म्हणूनही. होडीची नाळ समुद्राकडे असली तरी तिचं मूळ घाटाच्या अंगाला असतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'ला हे नीट कळलं होतं. आरमाराच्या प्रकरणात तिथे झाडांचा विषय निघतो: साग वगैरे लागला तर परवानगीने तोडावा, आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, अगदीच जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. समुद्रावर सत्ता चालवू पाहणारं राज्य परसातल्या आंब्याची चौकशी करत होतं. आमचा नाखवा किनाऱ्यावर चौकशी करतो ती शहाळ्याच्या भावाची.

आता त्याच्या घराकडे वळू. वडिलार्जित घराला सागाचे खांब होते, वर सागाचीच तुळई. घर पाडून स्लॅब घातला, तेव्हा जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि सगळं घेऊन गेला. खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या, कपाटं प्लायवूडची, दरवाजा लाकडाचं चित्र छापलेला. हाच मनुष्य किनाऱ्यावर फायबरची होडी दिसली की हळहळतो: "काय हो, परंपरा मोडलीत!" यावर कोळी काही बोलत नाही, कारण त्याच्या अंगी सभ्यता असते. त्याच्या वतीने उत्तर द्यायचं तर असं देता येईल: लाकडी होडी दरवर्षी वर ओढावी लागते, खरवडावी लागते, फटी बुजवून तेल पाजावं लागतं, एवढं करूनही समुद्रातला किडा तिला पोखरायचा तो पोखरतोच. फायबरला यातलं फारसं काही लागत नाही. स्लॅब घालताना नाखव्याने जो हिशेब केला, तोच कोळ्याने केला. फरक इतकाच की कोळी मुरबाडला येऊन कुणाच्या खांबांसाठी गळा काढत नाही.

कुणी म्हणेल, हौशी का होईना, तो येतो, पैसे खर्च करतो, त्यावर होड्या टिकतील. या म्हणण्यात तथ्य आहे. केरळात भात वाहणारे केट्टुवल्लम पर्यटकांच्या राहण्याच्या होड्या झाले म्हणूनच उरले. पण तिथे पैसा होडीत जातो, होडी दुरुस्त करणाऱ्या सुतारापर्यंत पोचतो. आपल्या नाखव्याचा पैसा हॉटेलात, सुरमईत आणि सोलकढीत जातो. होडीच्या वाट्याला फोटो येतो. फोटोने फट बुजत नाही. 'ट्रिंकोमाली' तरंगते आहे ती कुणी तिच्याकडे पाहून उसासे टाकले म्हणून नव्हे, दहाएक वर्षं खपून तिची दुरुस्ती केली म्हणून. अजिंठ्याच्या चित्रावरून बेतलेलं, खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' जहाज 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात आलं. तेही गोव्यातल्या एका कंपनीला रीतसर काम मिळालं आणि केरळच्या कारागिरांच्या हातात ती शिवण अजून शिल्लक होती म्हणून. सुताराला काम सांगणारं गिऱ्हाईक असलं की लाकडी होडी जगते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो नाखवा स्वतःच घेतो: साग तोडायचा कसा? 1964 च्या वृक्षतोड कायद्याने स्वतःच्या बांधावरचा सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. खरं आहे, आणि तसंच असावं. सिद्धगडाच्या रानावर आता होड्यांसाठी कुऱ्हाड चालवा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण त्याला कुणी झाड तोडायला सांगितलंच नव्हतं. ते त्याच्या आजोबांनी केव्हाच तोडून, तासून, घरात उभं केलं होतं. नुसतं विकायचं नव्हतं. बघायचीच हौस होती तर ओसरीवर बसून, कापणीवर लक्ष ठेवत, फुकटात बघता आलं असतं.

वाचकहो, अजून कुणाच्या घरी असे खांब उभे असतील आणि टेम्पोवाला दारात आला असेल, तर त्याला दिवाळीनंतर यायला सांगा. आणि दिवाळीनंतर आला, तर शिमग्यानंतर.